‘प्लॉट’ : वापर आणि घ्यावयाची काळजी

तळवलीत नव्यानं राहायला आलेल्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. गॅस, नळ आणि वायफायची जोडणी झाली की लगोलग ‘प्लॉट’ या शब्दाचीही जोडणी करून घ्यावी. त्यावाचून इथं रिक्षावाला, कुरिअरवाला, सोसायटीचा सेक्रेटरी आणि नाक्यावरचा इस्टेट एजंट यांच्यापैकी कुणाशीही बोलणं पुढं सरकत नाही.

आधी शब्दाचा सातबारा पाहावा. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत प्लॉट म्हणजे जमिनीचा लहानसा तुकडा, बाकी काही नाही. सोळाव्या शतकात त्या तुकड्याचा कागदावरचा नकाशाही प्लॉट झाला. नकाशा आला की बेत आला, आणि बेत म्हटला की तो कुणापासून तरी लपवणं आलं. त्यात फ्रेंच भाषेतला ‘कॉम्प्लो’, म्हणजे कट, येऊन मिसळला. सतराव्या शतकात नाटकाच्या कथानकालाही लोक प्लॉट म्हणू लागले. तेव्हा क्रम असा : जमीन, नकाशा, कट, गोष्ट. तो पाठ करावा. इंग्रजांना तो पुरा करायला काही शतकं लागली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात तो एका पिढीत उरकला.

१७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातली ९५ गावं नव्या शहराच्या नकाशात आली. तोवर इथल्या आगरी माणसाच्या तोंडी शेत होतं, खाचर होतं, मिठागर होतं. नकाशा झाल्यावर त्याच मातीचे सेक्टर झाले आणि सेक्टरांचे प्लॉट. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभं राहिलं. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली. या वाक्याला विनोद चिकटवता येत नाही, तेव्हा वाचकानं इथून गुमान पुढं व्हावं.

पुढं साडेबारा टक्के आहेत. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचा, अशी ही योजना. उदाहरण सोडवून पाहावं. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून रस्ते, शाळा वगैरे सार्वजनिक सोयींसाठी ३० टक्के, म्हणजे दीड गुंठा कट. हाती आले साडेतीन गुंठे, आणि तेही मालकीनं नव्हे, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. यातला ‘कट’ हा शब्द इंग्रजी समजून वाचावा. तो मराठी समजून वाचणारे गावात पुष्कळ भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नये, त्यांची फाइल आपल्यापेक्षा जुनी असते.

भाडेपट्ट्याला कमी लेखू नये. १६०५ साली लंडनची पार्लमेंट राजासकट उडवून द्यायचा ‘गनपावडर प्लॉट’ शिजला, तेव्हा कटवाल्यांनीही सभागृहाखालचं तळघर रीतसर लीजवरच घेतलं होतं. त्यात त्यांनी बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं रचली. तळघराचा वापर फक्त पार्किंगसाठी करावा, ही अट तेव्हा निघालेली नव्हती.

क्रियापदं जपून वापरावीत; नवखा माणूस इथंच उघडा पडतो. प्लॉट ‘पाडतात’. अनधिकृत बांधकामही ‘पाडतात’. पहिल्या पाडण्यानंतर बिल्डिंग उभी राहते, दुसऱ्यानंतर वकील. सोडतीत प्लॉट ‘लागतो’, वारसदार वाढले की ‘अडकतो’, आणि एका मावशीची सही राहिली असेल तर ती सापडेपर्यंत तो अडकलेलाच राहतो. ‘विकला’ असं कुणाच्या तोंडावर म्हणू नये. ‘बिल्डरला दिला’ असं म्हणावं. मुलगी दिली म्हणतात त्याच सुरात. मग त्रिपक्षीय करार होतो : एका बाजूला सिडको, दुसऱ्या बाजूला बिल्डर, आणि तिसरा तो, ज्याच्या आजोबांच्या भाताला वास होता.

‘प्लॉटिंग’ हे रूप लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या कागदांवर आढळतं : ‘एन. ए. प्लॉटिंग, स्टेशनपासून दहा मिनिटं’. इंग्रजी शब्दकोशात प्लॉटिंग म्हणजे कारस्थान रचणं. जाहिरात इतकी प्रामाणिक क्वचितच असते. (दहा मिनिटं हेलिकॉप्टरनं मोजलेली असावीत.)

साहित्यिक अर्थाची गरज संध्याकाळी, मालिका सुरू झाल्यावर पडते. ‘याला काही प्लॉटच नाही’ असं म्हणताना आवाज खाली ठेवावा. शेजारच्या काकांना वाटतं की त्यांच्या पुतण्याबद्दल बोलणं चाललंय. ज्यांना विषयाचा अभ्यासच करायचा आहे त्यांनी ई. एम. फॉर्स्टरला विचारावं. १९२७ साली त्यानं सांगून ठेवलंय की घटना एकामागून एक घडल्या तर ती नुसती गोष्ट; एकीमुळे दुसरी घडली तर तो प्लॉट. शेत गेलं आणि मग टॉवर आला, ही गोष्ट. शेत गेलं म्हणून टॉवर आला, आणि शेतवाल्याचा नातू त्याच टॉवरच्या गेटवर गाड्यांचे नंबर वहीत लिहितोय, हा प्लॉट. फॉर्स्टरनं यासाठी एक राजा आणि एक राणी मारली होती. तळवलीत आला असता तर दोघं वाचली असती.

शेवटची सूचना जागेविषयी. हा शब्द गावठाणाच्या हद्दीबाहेरच वापरावा. आत ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ आहेत. कुटुंब वाढत गेलं तसे मजले वाढले, जिने बाहेरून चढवले, आणि वरचा मजला कोणत्या नकाशात आहे हा प्रश्न पाहुण्यानं विचारायचा नसतो. तिथं पत्ता म्हणजे देऊळ, विहीर आणि कुणाचं तरी नाव. कुरिअरच्या पोरानं फोनवर प्लॉट नंबर विचारलाच, तर पलीकडून म्हातारी सांगते, “नंबर नाय रं, तू ये. मी जिन्यावर उभी हाय.”