तीन वार

आमच्या घरात पितळेचे चार स्टोव्ह आहेत आणि त्यांतला एकही पेटत नाही. त्यांचा विषय निघाला की घर मात्र पेटतं. पाहुणे कौतुकानं विचारतात, ‘‘जुन्या वस्तूंची हौस वाटतं?’’ मी शांतपणे म्हणतो, ‘‘नाही, धंदा आहे.’’ त्यावर स्वयंपाकघरात एखादं पातेलं जरा जोरात ठेवलं जातं.

या सगळ्याचं मूळ टोरांटोत आहे. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा भाच्याचा फोन आला. ‘‘मामा, घरात बसून काय करणार? जुन्या बाजारातून वस्तू उचला, ऑनलाइन लिलावात टाका. इकडे लोक वेड्यासारखे बोली लावतात.’’ माझा विश्वास बसेना, म्हणून त्यानं गोष्ट सांगितली. १९९५ साली अमेरिकेत पिएर ओमिड्यार नावाच्या तरुणानं लिलावाची वेबसाइट काढली, तीच पुढे ईबे झाली. तिच्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर. तो १४.८३ डॉलरना गेला. ओमिड्यारनं घेणाऱ्याला विचारलं, तो मोडका आहे हे समजलंय ना? गिऱ्हाईक म्हणालं, मी मोडकेच जमवतो.

मी फोन ठेवला आणि माळ्याकडे पाहिलं. मोडक्या वस्तूंच्या बाबतीत आम्ही कोट्यधीश होतो.

लिलाव हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. पगार हाही त्यांचाच. चौतीस वर्षं एका पोर्तुगीज शब्दावर घर चाललं, आता दुसऱ्यावर चालवू, असा हिशेब मी मांडला. त्यात एकच चूक होती. पगार दुसरा देतो, लिलावात आपल्याला द्यावं लागतं.

पुण्यात मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो. धंद्यातलं पहिलं सूत्र असं की नफा विकताना होत नाही, घेताना होतो. त्यामुळे मी तयारीनिशी गेलो. इस्त्रीचा शर्ट घालायचा नाही, म्हणजे भाव चढत नाही. जी वस्तू हवी तिला हात लावायचा नाही, शेजारच्या वस्तूचा भाव विचारायचा. आणि खिशात चुंबक ठेवायचा. खरं पितळ चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आणि वरून नुसता मुलामा. पहिल्याच पथारीवर मी शेजारच्या कुलपाचा भाव विचारत विचारत एका समईला हळूच चुंबक लावला. पथारीवाला म्हणाला, ‘‘साहेब, समई पितळेची आहे का ते माहीत नाही, पण तुम्ही नवीन आहात हे समजलं.’’

त्या दिवशी मी ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ सालचं नाणं घेतलं. एका बाजूला कंपनीचं नाव, दुसऱ्या बाजूला हनुमान. ‘‘पेशवाई गेली त्याच वर्षाचं!’’ असं मी घरी येऊन जाहीर केलं. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त वकील राहतात. त्यांनी नाणं न बघताच विचारलं, ‘‘पेशवाई बुडवून इंग्रज हनुमानाची नाणी कशाला पाडतील हो?’’ खरोखरच कंपनीनं असलं नाणं कधी पाडलं नाही. ही टोकन्स मागाहून कुणीतरी तयार केलेली, आणि देशभर माझ्यासारख्यांच्या देव्हाऱ्यात जाऊन बसलेली. आमचंही तिथेच आहे. त्याच्यावर खर्च झालेले पाचशे रुपये मी धर्मादाय खात्यात टाकले.

अशा वेळी मला दिनकर केळकरांची आठवण यायची. चष्म्याच्या धंद्यातला हा माणूस, पण गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दारं, भांडी जमवत राहिला, आणि शेवटी हजारो वस्तूंचा तो संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. आज त्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणतात. त्यांच्या धंद्यामुळे त्यांना नजर होती, माझ्या धंद्यामुळे मला फक्त व्याज कळतं. त्यांनीही घेतलं आणि विकलं नाही, मीही घेतलं आणि विकलं गेलं नाही. व्याकरणाचा एवढाच फरक.

लिलावात पुकारणारा ‘एक वार, दोन वार, तीन वार’ म्हणतो. हे वार विकणाऱ्यावर होतात, हे मला अनुभवानं कळलं.

पहिला वार अडकित्त्याचा. नऊशे रुपयांना घेतलेला, मूठ मोराच्या आकाराची, सुरेख. तो एका विदेशी लिलावाच्या साइटवर टाकायचा तर वर्णन हवं. सुपारी, कात, चुना हे सगळं परक्या माणसाला समजावता समजावता मी दीड पान लिहिलं, आणि शेवटी वजन यावं म्हणून ‘दीडशे वर्षांपूर्वीचा’ अशी पुस्ती जोडली. वकीलकाकांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. वाईट बातमी द्यायची असली की ते चष्मा काढतात. ‘‘१९७२ चा पुरावशेषांचा कायदा ठाऊक आहे? शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठवणं हा गुन्हा आहे. हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षं. तेव्हा हा अडकित्ता खरोखर दीडशे वर्षांचा असेल तर तुम्ही गुन्हेगार, नसेल तर लबाड. कुठलं सोयीचं पडेल?’’ मी रात्रभर विचार केला आणि सकाळी ‘जुन्या पद्धतीचा’ असं लिहिलं. तो किती जुना हे ठरवण्याचं काम मी गिऱ्हाइकाच्या कल्पनाशक्तीवर सोडलं.

तो ३१ डॉलरना गेला! घरात पेढे आले. मग मी बँकेच्या सवयीनं वही उघडली. डॉलरचे झाले २६०४ रुपये. साइटचं कमिशन ४००, डॉलरचे रुपये करताना १२०, अडकित्त्याची किंमत ९००. बाकीचे विक्रेते ‘टपाल मोफत’ लिहितात म्हणून मीही लिहिलेलं, ते १०१०. खोका, बुडबुड्यांचा कागद आणि चिकटपट्टी ९५, रिक्षा १४०. एकूण खर्च २६६५, म्हणजे तोटा ६१ रुपये. ‘‘आणि बाजारातून येताना खाल्लेली मिसळ?’’ बायकोनं विचारलं. मी म्हटलं, मिसळ हा भांडवली खर्च आहे.

दुसरा वार स्टोव्हचा. भाच्यानं शिकवलं होतं की लिलावाला गर्दी जमवायची तर बोली ९९ सेंटपासून सुरू करावी. एकमेकांशी चढाओढ करत लोक आपोआप वर जातात. लासलगावच्या कांद्याच्या लिलावात मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे पटलं. फक्त लासलगावला व्यापारी समोर उभे असतात, हे लक्षात राहिलं नाही. मी लिलाव संपण्याची वेळ ठेवली रविवारी संध्याकाळी सहाची, म्हणजे चहा पिता पिता बघता येईल. ऑनलाइन लिलावातली खरी लढाई शेवटच्या दहा सेकंदांत होते. मुरलेले लोक तोवर दबा धरून बसतात आणि अगदी शेवटी बोली टाकतात. मी चहाचा कप घेऊन बसलो. सहा वाजले. पुण्यात संध्याकाळचे सहा म्हणजे त्या दिवसांत कॅलिफोर्नियात पहाटेचे साडेपाच. सगळे दबा धरणारे अंथरुणात होते. संबंध अमेरिकेत एकच इसम जागा होता, त्यानं ९९ सेंटला स्टोव्ह उचलला.

कुरिअरच्या ऑफिसात मी अभिमानानं सांगितलं, ‘‘वजन जेमतेम पावणेदोन किलो.’’ काउंटरवरच्या मुलीनं खोका मोजला. चाळीस गुणिले तीस गुणिले तीस, भागिले पाच हजार. ‘‘सात किलो दोनशे ग्रॅम.’’ मी म्हटलं, ‘‘आत निम्मी हवाच आहे.’’ ती म्हणाली, ‘‘विमानात हवेलाही जागा लागते, काका.’’ मग तिनं खोका हुंगला. ‘‘केरोसीन आहे का आत?’’ नव्हतं, पण वास होता. चाळीस वर्षं जळलेल्या स्टोव्हला अत्तराचा वास येणार थोडाच? घरी येऊन स्टोव्ह साबणानं धुतला, दोन दिवस गच्चीवर वाळवला आणि पुन्हा नेला. ८३ रुपयांच्या वस्तूसाठी ६२०० रुपये मोजून मी पुण्याची हवा अमेरिकेत पाठवली. महिन्याभरानं गिऱ्हाइकाचा अभिप्राय आला. वस्तू उत्तम, साबणाचा वास येतो.

त्यानंतर मी उरलेले चार स्टोव्ह कपाटात ठेवले. ‘‘विका ते,’’ ही म्हणाली. ‘‘किलोच्या भावानं विका, पण विका.’’ मला ते जमेना. पथारीवर असताना जो स्टोव्ह मला तीनशेला महाग वाटला होता, तो कपाटात गेल्यावर हजारालाही द्यावासा वाटेना. हा माझ्या एकट्याचा दोष नाही म्हणे. डॅनियल कानेमन, जॅक नेश आणि रिचर्ड थेलर यांनी काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग देऊन बघितलं, आणि १९९० साली ते छापूनही आणलं. मग हातात पडून काही मिनिटंच झालेले, पण विकायला ते, मग न मिळालेले विद्यार्थी जेवढी देऊ करत होते त्याच्या दुपटीच्या आसपास किंमत मागू लागले. मी ही माहिती घरात मोठ्यानं वाचून दाखवली. ही म्हणाली, ‘‘ते विद्यार्थी होते. तुम्ही बँकेत मॅनेजर होता.’’

तिसरा वार तिनंच ओढवून घेतला. दिवाळीची आवराआवर चाललेली. तिनं माळ्यावरून पितळी पुरणयंत्र काढलं, जाळ्यांसकट. ‘‘आता मिक्सर आहे. हे टाका तुमच्या त्या लिलावात. एकदा तरी बघू काय येतंय.’’ मी फोटो काढले, वेळ नीट बघून ठेवली, टपाल गिऱ्हाइकाकडे दिलं. दोन दिवसांत बोली चाळीस डॉलरवर. ही शेजारणींना सांगू लागली, ‘‘आमचं पुरणयंत्र अमेरिकेत चाललंय.’’

शेवटच्या दिवशी न्यू जर्सीहून एका बोली लावणाऱ्याचा प्रश्न आला, चक्क मराठीत. ‘‘दांडा फिरवताना करकरतो का? आजीच्या यंत्राचा करकरायचा.’’

उत्तर लिहायला मी हिला हाक मारली. तिनं प्रश्न वाचला. मग यंत्र जागेवर नव्हतं. मग स्वयंपाकघरातून आवाज आला. करकर. थांबला. पुन्हा करकर. मी गेलो तर ती रिकाम्या यंत्राचा दांडा फिरवत होती. ‘‘हे आईनं तुळशीबागेतून आणलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘होळीच्या आदल्या दिवशी. बाबांना न सांगता.’’

‘‘मग काढून घेऊ या लिलावातून.’’

काढून घेता येईना. लिलाव संपायला बारा तासांहून कमी वेळ राहिला आणि कुणाची बोली पडलेली असली, की वस्तू मागे घेता येत नाही, असा त्या साइटचा नियम. रात्री साडेनऊला टोरांटोत फोन गेला. तिथे दिवस होता. भाचा म्हणाला, ‘‘मामा, तुम्हीच तर विकताय ना?’’

‘‘मामींना विचार,’’ मी फोन दिला.

ऑनलाइन लिलावात मनातला सर्वांत मोठा आकडा साइटच्या कानात सांगून ठेवता येतो. साइट तो कुणाला सांगत नाही. समोरच्याच्या जेमतेम एक पायरी वर बोली ठेवत जाते. भाच्यानं विचारलं, ‘‘मामी, किती टाकू?’’

‘‘शंभर टाक.’’

‘‘शंभर डॉलर? मामी, तुमचंच यंत्र आहे!’’

‘‘म्हणूनच.’’

आपल्या माणसाकरवी आपल्याच मालावर बोली लावणं हे साइटच्या नियमात बसत नाही, आणि वकीलकाका खाली आले असते तर चष्मा काढूनच आले असते. म्हणून आम्ही दिवा बारीक केला. आकडा चढू लागला. पन्नास, अठ्ठावन्न, पासष्ट. एकाहत्तरवर थांबला. न्यू जर्सीवाल्यानं मनात सत्तर धरले होते. हिच्या मनात आकडाच नव्हता.

पुरणयंत्र लिलावात जिंकलं आणि ओट्यावरून फडताळात गेलं. टपालखर्च शून्य. भाच्याचे पैसे परत केले, त्या उलाढालीत साइटचं कमिशन आणि पैसे फिरवण्याचा खर्च मिळून ९४० रुपये गेले. घरची वस्तू घरात ठेवण्यासाठी. ते मी वहीत तोट्याच्या रकान्यात लिहिले. सकाळी पाहतो तर तिनं ते खोडून खरेदीच्या रकान्यात मांडले होते. या धंद्यातली ही एकमेव खरेदी, जिच्याबद्दल घरात कुणी काही बोललं नाही.

राहिला न्यू जर्सीवाला. बुधवारी सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो, तर हिनं कापडी पिशवी आणि माझा चुंबक समोर आणून ठेवला.

‘‘जुना बाजार आहे ना आज? त्या माणसासाठी एक यंत्र बघून या.’’

मी चपला घातल्या. जिन्यापर्यंत पोचलो, तेवढ्यात मागून आवाज आला.

‘‘आणि हे बघा, करकरणारंच आणा.’’