वापरली की झिजते

शेवटी कोण मरणार हे आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. पानिपतावरचं पुस्तक हातात घेताना सदाशिवरावभाऊ या खेपेला तरी परत येतील, अशी आशा कुणी धरत नाही. तरीपण भाच्याने 'क्रायसिस कोअर' हा व्हिडिओ गेम लावून कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि त्याच दमात "मामा, हा हिरो शेवटी मरतो बरं का" असं सांगून टाकलं, तेव्हा त्याचा कान उपटावासा वाटला. तो शांतपणे म्हणाला, "अरे, ते सगळ्यांना माहितीये. प्रीक्वल आहे ना!"

भानगड अशी. 1997 साली 'फायनल फँटसी सेव्हन' आला. नायक क्लाउड, केस निवडुंगासारखे, पाठीवर पाटाएवढी रुंद तलवार. दहा वर्षांनी, 2007 मध्ये, स्क्वेअर एनिक्सने पीएसपीवर त्याची पूर्वकथा काढली आणि 2022 मध्ये तिचीच रंगरंगोटी करून 'रीयुनियन' या नावाने पुन्हा बाजारात आणली. तिच्यात कळतं, की तलवार मुळात क्लाउडची नव्हतीच. ती पूर्वकथेचा नायक झॅक याच्याकडून आली आणि झॅककडे त्याचा गुरू अँजील याच्याकडून. म्हणजे एवढे राक्षस, एवढी कारस्थानं, एवढा रक्तपात, हे सगळं मिळून त्या तलवारीचा फेरफार उतारा आहे.

मूळ मालक अँजील हा मला फार जवळचा वाटला. मुलगा शिनरा कंपनीच्या फौजेत लागला म्हणून बापाने कर्ज काढून ही तलवार घडवून घेतली आणि ते फेडता फेडता राबून राबून मेला. (शिनरा ही वीज कंपनी आहे. वीज कंपनीला फौज कशाला लागते, हे विचारायचं नाही. बिल वसूल करायला असेल.) इतक्या मोलाची तलवार अँजील चोवीस तास पाठीवर वागवतो आणि लढतो मात्र दुसऱ्याच तलवारीने. का? तर वापरली की झिजते, गंज चढतो. हा माणूस नक्की माझ्या आजीच्या माहेरचा असणार. एकदा झॅकचा जीव वाचवायला त्याला ती उपसावी लागते. त्यावरही तो बजावून ठेवतो, की तू तलवारीपेक्षा थोडा जास्त महत्त्वाचा आहेस, पण थोडाच.

त्याचा बालमित्र जेनेसिस लाल चामड्याच्या लांब कोटात हिंडतो आणि प्रसंग कुठलाही असो, 'लव्हलेस' नावाच्या नाटकातल्या ओळी म्हणतो. त्याला चेहरा आणि जपानी आवाज दिलाय गॅक्ट या गायकाने. त्यामुळे दुःखातही तो फोटोला उभा राहिल्यासारखा दिसतो. शिनराने या दोघांवर जन्माआधीच प्रयोग केले होते, म्हणून एकाला काळे आणि एकाला पांढरे, असे एकाच बाजूला पंख फुटतात. वैज्ञानिक, पेशी, नकली सैनिक यांचा पुढचा गुंता मी भाच्याकडून दोनदा समजून घेतला आणि मग मान हलवत राहिलो. मला लक्षात राहिलं ते एवढंच, की लहानपणी गावातल्या जांभळ्या सफरचंदांचा रस काढून या जेनेसिसने प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांच्या गटात राष्ट्रीय कृषी पुरस्कार पटकावला होता. सरळ रसाचा धंदा करता तर जग वाचलं असतं.

आता लढाई. मोकळ्या चौकात पाऊल टाकलं रे टाकलं, की एक अदृश्य बाई कोरड्या आवाजात लढाई सुरू झाल्याचं जाहीर करते. दोन-चार वार, एखादी उडी, एखादा अग्निगोळा, की तीच बाई मामला मिटल्याचंही जाहीर करते. पण खरी लढाई चालते पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात. तिथे जुगाराच्या यंत्रासारखी तीन चक्रं अखंड फिरत असतात. त्यांवर आकडे आणि झॅकच्या आयुष्यातल्या माणसांचे चेहरे. तिन्हीकडे एकच चेहरा जुळला, की त्या माणसाच्या नावाची खास ताकद मिळते. अँजील जुळला की अंगावर धावून जायचं. एरिथ ही फुलं विकणारी मुलगी जुळली की जखमा भरून येतात.

आणि झॅकची पातळी वाढते ती तीन सात जुळले की. मी हबकलोच.

"म्हणजे मेहनतीचं काहीच नाही?"

"आहे ना मामा. आतल्या आत अनुभव मोजतात, त्याने सात यायचा चान्स वाढतो. फक्त तुला दाखवत नाहीत."

पगारवाढीचीही हीच पद्धत असते, हे त्याला नोकरी लागली की कळेल.

गंमत म्हणजे चेहरे जुळता जुळता मध्येच झॅकला जुनी आठवण येते. समोर ड्रॅगन आ वासून उभा आणि हा आपला एरिथशी झालेलं बोलणं आठवतोय! ड्रॅगनही थांबतो बिचारा. सुरुवातीला मी वैतागायचो. पुढे मात्र लढाई सोडून त्या कोपऱ्याकडेच बघायला लागलो, आज कोण येतंय म्हणून.

हा कोपरा किती पाताळयंत्री आहे, ते अखेरीस कळतं. तोवर अँजील झॅकच्याच हातून मेलेला असतो, तलवार झॅकच्या पाठीवर आलेली असते, सेफिरॉथ नावाच्या तिसऱ्या मित्राने डोकं फिरून निबेलहाइम गाव जाळलेलं असतं आणि झॅकची, क्लाउडसकट, चार वर्षं शिनराच्या प्रयोगशाळेत गेलेली असतात. तेवढ्या काळात एरिथने 89 पत्रं लिहिली; त्याच्या हाती पडलं ते शेवटचं. बेशुद्ध क्लाउडला ओढत, खांद्यावर घेत तो मिडगार शहराच्या वेशीपर्यंत येतो आणि समोर शिनराची अख्खी पलटण. बटणं आपणच दाबायची. कितीही मारले तरी सैनिक संपत नाहीत. मग चक्रं अडखळतात. एकेक चेहरा पुसट होत जातो, जागा कोऱ्या राहतात. इतके तास ज्याला मी जुगार म्हणून हिणवलं, ते झॅकचं डोकं होतं. आणि ते आता बंद पडत होतं. शेवटपर्यंत तग धरते ती एरिथ. मी बटण दाबतच होतो. भाचा म्हणाला, "मामा, सोड आता." मी चष्मा पुसायला आत गेलो.

मरताना झॅक तलवार क्लाउडच्या हाती देतो. फेरफार मंजूर.

लगेच मी 1997 चा गेम लावायला सांगितला. वारसदाराचं वागणं बघायचं होतं. मिडगारमधून बाहेर पडल्यावर काल्म नावाचं छोटं गाव लागतं. तिथल्या खानावळीत वरच्या मजल्यावर क्लाउड सोबत्यांना निबेलहाइमची हकिगत सांगतो आणि त्यात झॅकच्या जागी स्वतःला घालतो. झॅकचं नावही नाही! दोष त्याचा नाही. प्रयोगांनी त्याच्या आठवणींचा पार काला झालेला असतो. हकिगत संपली, आम्ही खाली आलो. त्याच गावात शस्त्रांचं दुकान आहे. तिथे 1000 गिलला मिथ्रिलची तलवार मिळते. हल्ल्याचे आकडे: वडिलोपार्जित तलवार 18, दुकानातली 23.

"घे ना मामा," भाचा म्हणाला, "जुनी पडून राहील बॅगेत."

मी म्हटलं, राहू दे. म्हणजे झिजायची तरी नाही.