समासातला गुन्हेगार

रहस्यकादंबरीबद्दल मत द्यायचं तर ती वाचलेली असावी लागते, ही अट आमच्या घरात कुणी मानत नाही. त्यातून कादंबरी कुमारांसाठी असली तर बघायलाच नको. ‘पोरांचं पुस्तक’ म्हटलं की मोठ्यांना मत आपोआप फुटतं.

सुट्टीत भाचा फास्टर फेणेच्या नादी लागला आणि घरादाराला मतं सुचू लागली. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्याच्या विद्याभवनात, अंगाने काडीपैलवान आणि सायकलवर सुसाट. डोक्यात काही चमकलं की तोंडाने ‘टॉक्’ करतो. आजीला गुन्ह्यापेक्षा पोराच्या जेवणाची काळजी. “एवढा उंडारतो, याच्या खाण्यापिण्याकडे बघतं कोण?” हे तिच्या मते कथेतलं खरं रहस्य. वहिनीचा सवाल, “हा अभ्यास कधी करतो?” पुण्याच्या काकांनी तर निकालच लावला, “शाळकरी पोर चोर धरतं, मग पोलीस काय माशा मारतात?” याच भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला. काकांना त्यातली चंद्रावरची स्वारी बिनबोभाट पटते. फुरसुंगीच्या पोराने पुण्यात चोर पकडणं मात्र अजिबात पटत नाही!

न वाचणाऱ्यांत आणखी एक पोटजात आहे: बघणाऱ्यांची. दादाच्या मते खरा फेणे म्हणजे दूरदर्शनवरचा सुमीत राघवन. पुतणीच्या मते 2017च्या सिनेमातला अमेय वाघ. दोघे तावातावाने भांडले. पुस्तक बिचारं टीपॉयवर पडून होतं आणि त्यावर चहाचा कप होता.

वाचलेल्यांची मतं मिळाली ती वाचनालयाच्या प्रतीत. एक सभ्य गृहस्थ कथेत पहिलं पाऊल टाकतात न टाकतात तोच समासात पेन्सिलीने लिहिलेलं: ‘हाच चोर!’ खाली दोन रेघा. त्याखाली दुसऱ्या अक्षरात: ‘छट्! याचा भाऊ.’ आणि सर्वांत खाली, न खोडता येणाऱ्या बॉलपेनने: ‘पुस्तकात लिहू नये.’

मला वाटलं, आता भाचा भोकाड पसरणार. चोर आधीच कळला, वाचायचं काय उरलं? पण पठ्ठ्याने चोर सोडला आणि पेन्सिलवाल्याच्या मागे लागला. पान उजेडात धरून त्याने बारकाईने पाहिलं. पेन्सिल दाबून दाबून लिहिलेली, ‘च’चं पोट फुगलेलं, ‘हाच’ आधी ‘हच’ असं लिहून मागाहून काना घुसडलेला. “मामा, हा तिसरीतला आहे. आणि याने शेवट वाचलेलाच नाही, नाहीतर पुढच्या पानांवरही शहाणपणा केला असता. टॉक्!” मग दोघांपैकी बरोबर कोण, एवढं ठरवायला त्याने अख्खं पुस्तक एका बैठकीत संपवलं. दोघेही चूक निघाले.

“कसं वाटलं?” मी विचारलं.

“पुढचा भाग कधी आणायचा?”

फेणेबद्दल आमच्या घरात आजवर वाचून दिलेलं हे एकमेव मत. काकांचं मत कायम आहे. पुस्तक त्यांनी अजून उघडलेलं नाही.

तेव्हा वाचकहो, मत जरूर द्या, न वाचताही द्या, तो आपला जन्मसिद्ध हक्क आहे. फक्त चोराचं नाव वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नका. आणि लिहायचंच असेल, तर निदान चुकीचं लिहा.