टंचाईग्रस्त

अमेरिकेत शनिवारी सकाळी कुठल्याही शूटिंग रेंजवर जा. एक गृहस्थ जमिनीवर वाकून काहीतरी वेचताना हमखास दिसतील. पैसे पडले असतील म्हणून मदतीला धावू नका. दुसऱ्यांनी झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या ते गोळा करताहेत.

हे गृहस्थ काडतुसं शक्यतो विकत घेत नाहीत, गॅरेजात भरतात. पुंगळी मक्याच्या कणसाच्या भुशात घोळवून लख्ख करायची, बुडाचा जुना प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, काढून नवा बसवायचा, पावडर ग्रेनवर तोलून घालायची आणि वर गोळी दाबायची. एका पौंडात ७००० ग्रेन. त्यातला दशांश ग्रेन इकडचा तिकडे झाला तरी यांचा जीव कासावीस. "निम्म्यात पडतं," असं ते सांगतात. काडतुसं भरायच्या नव्या प्रेसचे पैसे त्यात धरायचे नसतात.

गाडी अडते प्रायमरपाशी. पुंगळी पुन्हा चालते, शिसं वितळवून गोळी ओतता येते. प्रायमर मात्र कारखान्यातूनच यावा लागतो, आणि त्याचे मोठे अमेरिकी ब्रँड चारच. २०२० मध्ये कोरोना आणि निवडणूक एकदम आली, लाखो लोकांनी पहिल्यांदाच बंदूक घेतली, त्यात या चारांतली रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली. तीसेक डॉलरचे हजार प्रायमर शंभराच्या पुढे गेले.

आपल्याकडचे आजोबा बहात्तरच्या दुष्काळाचं सांगतात, तसं हे २०१३ च्या टंचाईचं सांगतात. तेव्हा पॉइंट टू-टूच्या गोळ्याही दुकानदार माणशी मोजून द्यायचे. "उजाडायच्या आत रांगेत उभा होतो," म्हणताना छाती फुगते. राग सगळा साठेबाजांवर. "त्यांनीच वाट लावली!" असं म्हणत ते कपाट उघडतात. आत प्रायमरचे खोके, प्रत्येकावर खरेदीची तारीख. हा साठा नव्हे, ही तरतूद!

भाव चढले की संपतील म्हणून घ्यायचे, उतरले की स्वस्त झाले म्हणून. झाडायचं तेवढं राहून जातं; पुन्हा मिळाले नाहीत तर? म्हणून सराव रिकाम्या बंदुकीने, भिंतीवरच्या ठिपक्यावर. चाप ओढला की 'टिक्'. नेम चुकल्याचा पुरावा नाही, खर्च शून्य.

असे गृहस्थ गावोगावी आहेत. दुकानात प्रायमर का नाहीत, याचं निम्मं उत्तर कारखान्यात सापडेल. उरलेलं निम्मं यांच्या कपाटांत तारीखवार लावून ठेवलेलं आहे.