बाराव्यानंतरचा मुखत्यार

कुलमुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला लिहून देणे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 201 नुसार, देणारा वारला किंवा त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली की हा अधिकार सर्वसाधारणपणे संपतो. म्हणजे पाऊस सुरू झाला की मिटणारी छत्री! तरी बाराव्याचे जेवण उरकताच धाकटे चिरंजीव ते पत्र, खास लॅमिनेट करून, बँकेच्या खिडकीशी हजर करतात. प्लास्टिकने कागद टिकतो, अधिकार नाही.

थोरल्यांची भिस्त नॉमिनेशनवर. पण बँकेतल्या ठेवींचा नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होतोच असे नाही. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हेच सांगितले. घरोघरच्या नॉमिनींपर्यंत निकाल अजून पोचायचा आहे.

उरते मृत्युपत्र. साधा कागद, करणाऱ्याची सही, दोन साक्षीदार. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक. इतके स्वस्त म्हणूनच बहुधा कोणी करत नाही. विषय काढला की ‘अभद्र बोलू नका’ म्हणणारीच मंडळी पुढे दिवाणी न्यायालयात तारखांना न चुकता येतात. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येते. शेवटचे वैध ते ग्राह्य.