शत्रूच्या घरचा आदर्श गडी

जुन्या चीनच्या इतिहासात आणि कथांत सूड घेणारे पैशाला पासरी मिळतात. त्यातले बहुतेक सरळसोट असतात. वैऱ्याला रस्त्यात गाठायचं, बापाचं नाव घेऊन एक घाव घालायचा आणि रक्ताळलेल्या हातांनी स्वतःच सरकारदरबारी हजर व्हायचं. यांच्याबद्दल मला आदर आहे, पण कुतूहल नाही. कुतूहल आहे ते दुसऱ्या जातीच्या सूडार्थ्याबद्दल. हा शत्रूच्या घरी नोकरीला लागतो.

हा पहाटे सगळ्यांच्या आधी उठतो. शत्रूचं अंगण झाडतो, शत्रूचं पाणी तापवतो, शत्रूच्या घोड्याला चंदी घालतो. मालकाला साधं पडसं झालं तरी याच्या पोटात गोळा येतो, कारण मालक पडशाने गेला तर सगळी मेहनत पाण्यात! शत्रूला मनापासून दीर्घायुष्य चिंतणारा त्या घरात हा एकटाच असतो. बायकोमुलांचं काही सांगता येत नाही. बापाच्या मारेकऱ्यासोबत एका आभाळाखाली राहू नये अशी त्यांच्या शास्त्राची आज्ञा. हा गृहस्थ तर एका छपराखाली राहतो आणि त्याच्याच चुलीवरचं दोन वेळा जेवतो.

तांग घराण्याच्या (618 ते 907) कायद्याने या माणसाची मोठी पंचाईत करून ठेवली होती. आईबापाच्या खुन्याशी परस्पर मिटवून घेतलं तर शिक्षा दोन हजार ली दूर हद्दपारीची. एक ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर, तेव्हा हिशेब करा. बरं, मिटवलं नाही आणि खुन्याला जाऊन मारलं, तर तो खून, आणि खुनाला देहदंड. म्हणजे क्षमा केलीत तर घर सोडा आणि सूड घेतलात तर जग सोडा. तक्रार करून वाट बघत बसावं एवढाच मार्ग उरे, आणि खुनी वजनदार असला की ती वाट कधी संपत नसे. सरकार अगदीच भोळं होतं असंही नाही. माफी मिळून सुटलेल्या खुन्याला ते हजार ली दूर नेऊन वसवत असे, मेलेल्याच्या नातलगांची आणि त्याची गाठ पडू नये म्हणून.

या जातीचा मूळपुरुष यू रांग. साम्राज्य उभं राहायच्याही आधीचा, इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातला. त्याची हकीकत सिमा चिएन या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. मूळपुरुषाचं तंत्र कच्चं असायचंच. याच्या धन्याला झाओ श्यांगझी नावाच्या सरदाराने संपवलं आणि त्याच्या कवटीला लाखेचं रोगण देऊन दारूचा पेला केला. यू रांग शिक्षेवरच्या मजुराचं सोंग घेऊन वाड्यात शिरला, कपड्यात खंजीर लपवला आणि शौचकूपाच्या भिंतींना गिलावा करू लागला. सरदार यायला निघाला तेवढ्यात त्याच्या मनात काहीतरी चरकलं. चौकशी झाली, गिलावेवाला सापडला. सरदार दिलदार निघाला. हा इमानी माणूस आहे, मीच जरा जपून राहीन, असं म्हणून त्याने त्याला सोडून दिलं.

मग यू रांगने अंगाला रोगण फासून फोड आणले, कोळसे गिळून आवाज घोगरा केला आणि तो बाजारात भीक मागू लागला. बायकोनेही ओळखलं नाही. ओळखलं एका मित्राने, आणि त्याने रडत रडत फार शहाणा सल्ला दिला: बाबा रे, हे हाल कशाला? तुझ्यासारख्या हुशार माणसाला तो सरदार आनंदाने चाकरीत घेईल. जवळचा हो आणि मग सावकाश काम उरक. यू रांगने साफ नकार दिला. एखाद्याची चाकरी पत्करायची आणि मनात त्याच्या खुनाचा बेत ठेवायचा, म्हणजे पोटात दोन काळजं बाळगणं, असं त्याचं म्हणणं. शौचकूपाचा गिलावा चालला, फोड चालले, कोळसे चालले, पगार चालेना! पुढे तो एका पुलाखाली दबा धरून बसला, तिथे सरदाराचा घोडा बुजला आणि हा पुन्हा पकडला गेला. शेवटी त्याने सरदाराचा अंगरखा मागून घेतला, त्यावर तीन वार केले आणि स्वतःचा जीव दिला. इतिहासाने त्याला डोक्यावर घेतलं ते योग्यच, पण त्याच्या हातून मेला तो अंगरखा.

दुसरा गाओ ज्यानली. पहिल्या सम्राटाला मारायला गेलेल्या जिंग कचा हा जिवलग दोस्त आणि झू नावाचं तंतुवाद्य वाजवणारा नामी वादक. मित्र त्या प्रयत्नात मेला, दोस्तमंडळींची धरपकड सुरू झाली, म्हणून हा नाव बदलून एका घरी हरकाम्या म्हणून राहिला. एवढ्यावर थांबता तर काही बिघडलं नसतं. पण दिवाणखान्यात एखादा पाहुणा झू वाजवू लागला की याचा पाय तिथून निघेना. उभ्या उभ्या पुटपुटायचा: ही जागा बरी गेली, ही गेली नाही. गड्यांनी मालकाला सांगितलं, आपल्या नव्या माणसाला यातलं कळतं. झालं, सोंग संपलं. तुरुंगवास माणूस सोसतो, बेसूर वादन नाही. कीर्ती सम्राटापर्यंत गेली. सम्राटाने त्याला आंधळं करून दरबारी ठेवला. आंधळ्या गाओने वाद्यात शिसं भरलं, सम्राट पुरेसा जवळ आला असं वाटताच ते फेकलं आणि नेम चुकला. त्याला मारण्यात आलं. समीक्षकाने वेषांतराच्या भानगडीत पडू नये हे खरं, पण या माणसाला हसताना मला थोडं अवघडतं.

जे या दोघांना जमलं नाही ते एका पोरीने करून दाखवलं. तिचं नाव श्ये श्याओअ. तिची हकीकत तांग काळातल्या ली गोंगत्स्वो या लेखकाने लिहिली आणि पुढे राजवंशाच्या इतिहासातही तिला आदर्श स्त्रियांत जागा मिळाली. बाप व्यापारी, नवरा त्याच्या जोडीला, दोघे एकाच नावेतून नदीवर व्यापार करत. ती चौदा वर्षांची असताना नदीवरच्या दरोडेखोरांनी नाव लुटली आणि बाप, नवरा, नोकरचाकर सगळे मारले. ती जखमी होऊन पाण्यात पडली आणि दुसऱ्या नावेतल्या लोकांनी तिला वाचवलं. भीक मागत ती एका भिक्षुणी-मठाच्या आसऱ्याला पोचली.

मग बाप स्वप्नात आला आणि मारेकऱ्याचं नाव कोड्यात सांगून गेला. नवराही आला, त्यानेही कोडंच घातलं. मेल्यावर तरी माणसाने सरळ बोलावं! पण तो विद्वानांचा देश आहे, तिथली भुतंही परीक्षा घेतात. मुलगी वर्षानुवर्षं ते कोडं घेऊन शहाण्यासुरत्यांकडे फिरली. 813 साली एका बौद्ध विहाराच्या कठड्याला टेकून, हवेत बोटाने अक्षरं जोडत-तोडत ते कोणी सोडवलं? स्वतः ली गोंगत्स्वोने. निदान तो तसं लिहितो. आपल्या कथेतली सगळ्यात अक्कलहुशारीची जागा स्वतःकडे ठेवणारा लेखक मला मुळीच परका वाटत नाही. नावं निघाली शेन लान आणि शेन छुन. तिने ती कपड्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली, पुरुषाचा वेष केला आणि नदीकाठच्या गावांत मजुरी करत फिरू लागली.

वर्षभराने शुनयांग गावात एका दारावर कागद चिकटवलेला दिसला: कामाला माणूस पाहिजे. ही आत गेली. मालकाचं नाव शेन लान.

नशिबाने शत्रूच्या दारावर नोकरीची जाहिरात लावून ठेवावी यापेक्षा मोठी मेहेरनजर कोणती? दुसरा कोणी असता तर त्याच रात्री सुरा चालवून मोकळा झाला असता. हिने नोकरी धरली आणि ती अशी केली की लानच्या घराचा कारभार तिच्या हाती आला. पैशाची, रेशमाची देवघेव सगळी हिच्या हातून. दोन वर्षांहून जास्त ती तिथे राहिली, ती बाई आहे हेसुद्धा कोणाला कळलं नाही. लान आणि छुन एकमेकांचे चुलतभाऊ; दोघे महिना-महिना ‘कामा’साठी बाहेर जात, लूट घेऊन परतत, आणि मागे घर सांभाळायला लानची बायको आणि हा विश्वासू गडी. त्याला मांस, दारू, कपडेलत्ते कशाचीही ददात पडू दिली नाही. दरोडेखोर असला तरी मालक म्हणून लान वाईट नव्हता. पण एका गोष्टीचं मला राहून राहून नवल वाटतं. लुटारूच तो, घरचा माल दुसऱ्याच्या हाती देताना चोर कोण असू शकतो याची त्याच्याइतकी जाण कोणाला असावी? पण तो नोकराच्या हाताकडेच बघत राहिला. चोरी करत नाही ना, मग झालं. गड्याला कोण कुठचा, आईबाप कोण, हे लानने कधी खोदून विचारलं असावं असं वाटत नाही.

त्याच घरात तिला आपल्या घरचं सोनंनाणं, भरजरी कापडं, कपडे सापडले. ती वस्तू हाताळायची आणि कोणी नसताना रडायची. यू रांगचा पेच इथेच सुटतो, आणि तोही तत्त्वचर्चेशिवाय. शत्रूचं मीठ खायचं आणि त्याच्याच मुळावर यायचं कसं, हा त्याचा प्रश्न. श्याओअला प्रश्नच पडला नाही, कारण मीठ शत्रूचं नव्हतं. कोठीत पडलं होतं ते तिच्या बापाचं आणि तिला पगार मिळत होता तोही तिच्याच पैशातून. खाल्ल्या मिठाला ती पुरेपूर जागली.

एका संध्याकाळी छुन मासे आणि दारू घेऊन आला, टोळी जमली, भरपूर झाली. बाकीचे गेल्यावर छुन आतल्या खोलीत आडवा झाला आणि लान अंगणात. गड्याने छुनला आत कुलपात घातलं, अंगणात येऊन लानचं मुंडकं उडवलं आणि शेजाऱ्यांना हाका मारल्या. छुन जिवंत हाती लागला. टोळीत आणखी कित्येक जण होते, त्यांची नावं तिने आधीच पाठ करून ठेवली होती. बाकीचे सूडार्थी एक डोकं मागतात. हिने हजेरीपटच तयार ठेवला होता. सगळे पकडले गेले आणि सगळ्यांना देहदंड झाला.

तिचा जीव वाचला तो तिथल्या प्रांताधिकाऱ्याने कौतुकाने तिची बाजू वर मांडली म्हणून. हे नशीब सगळ्यांचं नसतं. त्याआधी, सम्राज्ञी वूच्या काळात, श्यू युआनछिंग नावाच्या एका माणसाने वेगळीच शक्कल काढली होती. त्याच्या बापाला मारणारा सरकारी अंमलदार होता आणि अंमलदार फिरतीवर असतात. म्हणून हा नाव बदलून सरकारी टपालठाण्यावर, प्रवासी अधिकारी मुक्काम करत तिथे, हमाल म्हणून राहिला. बऱ्याच काळाने तो अंमलदार, आता बढती मिळून थोर झालेला, मुक्कामाला आला. युआनछिंगने त्याला मारलं आणि स्वतः सरकारात हजर झाला.

आता याचं करायचं काय? छन झीआंग या विद्वान अधिकाऱ्याने तोडगा काढला: कायद्याप्रमाणे याला ठार मारावं आणि मग पुत्रधर्माबद्दल याच्या गावाच्या वेशीवर सन्मानाचं चिन्ह उभारावं. मुंडकंही तुमचं, मानही तुमचा! पुढे ल्यू झोंगयुआन या थोर गद्यकाराने या तोडग्याचा समाचार घेतला: सन्मानाला पात्र असेल तर मारणं हा अत्याचार, आणि मारण्यालायक असेल तर सन्मान ही रीतिधर्माची विटंबना, दोन्ही एकाच माणसाला लागू कसे? तो निबंध चीनमध्ये पिढ्यान्पिढ्या पोरांनी पाठ केला. मेलेला युआनछिंग त्या वादातून जिवंत झाला नाही, हे सांगायला नको.

श्याओअ गावी परतली. मोठमोठ्या घरांतून मागण्या आल्या. असल्या कर्तबगार मुलीला घरात आणायची हौस असणारे लोक धाडसी म्हणायचे. तिने सगळ्यांना नकार दिला, केस कापले आणि 818 साली सिझौच्या खाययुआन विहारात भिक्षुणीची दीक्षा घेतली. कोडं सोडवणारा लेखक पुढे सिझौला आला, तेव्हा तिने त्याला ओळखलं, त्याने तिला ओळखलं नाही. मठातल्या आयुष्यातही तिचा स्वभाव सुटला नव्हता. कडाक्याच्या थंडीत धान्य कांडणं, पावसात सरपण आणणं, न थकता, न कुरकुरता, लानच्या घरी होती तशीच. थोरल्या भिक्षुणीने तिच्यावर बिनधास्त भरवसा ठेवायला हरकत नव्हती, कारण या खेपेला तिच्या कपड्याच्या आत कोणाचं नाव लिहिलेलं नव्हतं.