हरायलाही संघ लागतो

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधला डेट्रॉइट पिस्टन्स हा संघ 2023-24 मध्ये सलग 28 सामने हरला. सिन्नरमध्ये पहाटे साडेपाचला मोबाइल उघडून बसणाऱ्या एनबीएच्या चाहत्याने तेव्हा खेळाडूंच्या नावाने बोटं मोडली असतील, तर त्याला एवढंच सांगायचं की ही चैन आहे. तो संघ 82 पैकी 14 सामने जिंकला, तरी बंद पडला नाही. उलट तिथल्या नियमानुसार तळाच्या संघांना नवे खेळाडू निवडताना झुकतं माप मिळतं. (तळाला राहूनही निवडीच्या क्रमासाठीच्या चिठ्ठीत पिस्टन्सना पाचवाच क्रमांक आला, नशीबही हरलेल्यांनाच ओळखतं.) पुढच्याच हंगामात ते 44 सामने जिंकले.

आपल्याकडे यूबीए ही व्यावसायिक बास्केटबॉल लीग 2015 मध्ये सुरू झाली. तिच्यात पुणे पेशवाज होते, मुंबई चॅलेंजर्स होते. 2017 नंतर लीगच उरली नाही. पेशव्यांवर रागवायचं म्हटलं, तर पत्ता कुठला घालणार? यावर कोणी म्हणेल, निकृष्ट खेळ सोसायचा कशाला, बाजार आपोआप निवड करतो. करतो खरा, पण प्रो कबड्डीत पहिल्या दोन्ही हंगामांत तळाला राहिलेली पुणेरी पलटण त्या न्यायाने 2015 लाच गुंडाळली गेली असती आणि मार्च 2024 मधलं तिचं विजेतेपद अंतिम सामन्यातल्या प्रतिस्पर्धी हरियाणा स्टीलर्सकडे गेलं असतं. पलटणला हरायला वेळ मिळाला, पेशव्यांना तोही मिळाला नाही. तेव्हा खेळाडूंना शिव्या घालण्याआधी मालकांकडे दहा वर्षं मागा.